भुतांचं खातेवाटप

महाराष्ट्रात भुतं पिढ्यान्‌पिढ्या गृहखात्याकडे आहेत. अमेरिकेत ती शिक्षणखात्याकडे असतात. एवढा फरक ध्यानात ठेवला, की लेकीकडे न्यू जर्सीला आलेल्या आजीचा ऑक्टोबर महिन्यातला, म्हणजे हॅलोवीनचा, निम्मा गोंधळ कमी होतो. उरलेला निम्मा डिंकाचा असतो. तो धुतल्यावरही जात नाही.

आपलं गृहखातं कसं चालायचं, हे चाळिशीपुढच्या माणसाला सांगायला नको. मूल जेवत नाही? बागुलबुवा. झोपत नाही? बागुलबुवाच, पण जरा वरच्या पट्टीत. भरदुपारी पिंपळाखाली फिरकू नये म्हणून मुंजा, विहिरीच्या काठावर वाकू नये म्हणून हडळ, तिन्हीसांजेनंतर रानवाटेला लागू नये म्हणून चकवा. कामाची वाटणी चोख होती. समंध, खवीस ही मंडळी मोठ्यांच्या प्रकरणांत लक्ष घालत. ब्रह्मराक्षसापर्यंत सहसा काही जात नसे; ती वरिष्ठ पातळी. कोकणात आणि गोव्यात देवचाराकडे गावाची राखण असते, म्हणजे तो थेट पोलीसपाटीलच. वेताळाला तर बढती मिळून त्याची देवळं झाली. गोव्यात आमोण्याला त्याची रीतसर पूजा होते. या सगळ्या यंत्रणेतून मुलांनी काही शिकावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. मुलांनी गप्प बसावं, एवढीच होती.

इथलं भूत कापसाचं असतं. त्याला दोन हलणारे डोळे चिकटवलेले असतात आणि ते एक ते पाच अंक शिकवतं. वटवाघूळ त्रिकोण शिकवतं. कोळ्याकडे आठाचा आकडा आहे. चेटकीण यमकं जुळवून दाखवते. सांगाड्याकडे शरीरशास्त्र आहे, आणि ममी, म्हणजे इजिप्तमधलं काही हजार वर्षांचं प्रेत, तिच्यावर टॉयलेट पेपर गुंडाळता गुंडाळता पोरांच्या बोटांना वळण लागतं. पुढे हीच बोटं पेन्सिल धरणार असतात. आमच्या मुंज्याने आयुष्यात कुणाला पेन्सिल धरायला शिकवलं असेल, तर ते माझ्या कानावर नाही.

हे शिक्षण बालवाडीत तर चालतंच, पण त्याचं खरं दर्शन घडतं सार्वजनिक वाचनालयात, सकाळी साडेदहाला. त्या वेळेला स्टोरीटाइम म्हणतात. ही प्रथा जुनी आहे. पूर्वी बऱ्याच वाचनालयांत लहान मुलांना आतच घेत नसत. मग पिट्सबर्गच्या कार्नेगी वाचनालयाने 1899 च्या सुमारास मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू केला, आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात 1906 मध्ये ॲन कॅरल मूर या बाईंकडे बालविभाग आला. तिथून पुढे मुलांना वाचनालयात बोलावून, गालिच्यावर बसवून, गोष्ट सांगून घरी पाठवायचं हे देशभर रुजलं. पुस्तकं फुकट, गोष्ट फुकट, डिंकही फुकट. फुकट म्हटल्यावर आम्ही मराठी आज्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचतो.

गालिच्यावर साधारण तीन प्रकारचे प्रौढ असतात: आया, मुलं सांभाळणाऱ्या पगारी बाया आणि भारतीय आजी-आजोबा. पहिल्या दोन प्रकारांना मांडी घालता येत नाही. तिसऱ्याला ती घालता येते, पण मोडता येत नाही. ग्रंथपाल बाई चेटकिणीची टोकदार टोपी घालून येतात, स्वागताचं गाणं म्हणतात, आणि सगळ्यांनी हात वर, हात खाली, गोल फिरा असं सुरू होतं. भिंतीलगत आजोबांची एक रांग असते. ते कमरेच्या पट्ट्याचं कारण सांगून फक्त माना हलवतात.

दोन गोष्टींच्या मधे बाई मोठ्यांनाही एखादा धडा देतात. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या विभागांनी 2004 पासून चालवलेल्या एका उपक्रमात पालकांना पाच कामं नेमून दिली आहेत: मुलांशी बोला, गा, वाचा, लिहा, खेळा. आम्ही आज्या एकमेकींकडे पाहतो. यातली बोलण्याची कामगिरी आमच्या पिढीने कुठलंही मार्गदर्शन नसताना पार पाडलेली आहे.

मग गोष्टी. ज्यूलिया डोनल्डसन या इंग्लंडच्या लेखिकेचं 2001 चं ‘रूम ऑन द ब्रूम’ ऑक्टोबरात कुठल्याच वाचनालयाच्या कपाटात सापडत नाही, कारण ते कायम कुणीतरी घरी नेलेलं असतं. त्यातली चेटकीण स्वतःच्या झाडूवर मांजर घेऊन निघते आणि वाटेत कुत्रा, पक्षी, बेडूक असे एकेक जण जागा मागत जातात. ती सगळ्यांना सरकून जागा देते. चौथ्या सीटची ही गोष्ट मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. शेवटी झाडू मधोमध मोडतो, तेही आम्हाला अपेक्षितच होतं.

दुसरं पुस्तक मात्र मला थेट माझ्या आजीकडे घेऊन गेलं. लिंडा विल्यम्स यांचं, 1986 चं. कशालाही न घाबरणारी एक म्हातारी रात्रीची जंगलातून घरी निघते. वाटेत तिला नुसतेच चालणारे बूट भेटतात, मग नुसतीच हलणारी विजार, मग सदरा, हातमोजे, टोपी, आणि शेवटी भोपळ्याचं डोकं. सगळे तिच्या मागे लागतात. म्हातारी पळत नाही असं नाही, पण घरी पोचल्यावर त्या भोपळ्याला दाराशी उभा करून ती एक व्यवहारी सल्ला देते, आणि सकाळी तिच्या बागेत अस्सल बुजगावणं उभं असतं.

म्हातारी, जंगल आणि भोपळा! हा सगळा सरंजाम आपल्याकडे कधीचाच आहे. आपली म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ-कोल्हे अडवतात, ती त्यांना सांगते की आत्ता माझ्यात खाण्यासारखं काय आहे, लेकीकडून लठ्ठ होऊन येते, मग बघा. आणि परतताना भोपळ्यात बसून सर्वांच्या हातावर तुरी देते. अमेरिकन म्हातारी भोपळ्याला कामाला लावते, आपली त्याला वाहन करते; पण घाबरत दोघीही नाहीत. लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन, लठ्ठ होऊन परत यायचं हा तिचा कार्यक्रम तर आम्ही आज्या अजूनही जसाच्या तसा राबवतो. फक्त भोपळ्याच्या जागी विमान आलंय, आणि वाटेतले वाघ-कोल्हे आता गणवेशात असतात व ‘किती दिवस राहणार?’ असं विचारतात.

तिसरं पुस्तक एड एम्बर्ली यांचं, 1992 चं. यात एक हिरवा राक्षस आहे. पानांना भोकं पाडलेली असल्यामुळे पहिल्या पानावर नुसते दोन पिवळे डोळे दिसतात, पुढच्यावर नाक, मग दातांसकट तोंड, कान, केस, असा तो पानागणिक भरत जातो. राक्षस पुरता तयार झाला की मुलं त्याला हुकूम सोडायला लागतात आणि तो एकेक अवयव आटोपता घेत नाहीसा होतो. चार वर्षांची बारा पोरं हात कमरेवर ठेवून राक्षसाला हाकलताना पाहिली आणि मला आमच्या गृहखात्याची काळजी वाटली. या पोरांवर बागुलबुवा सोडला, तर ती त्यालाच कान आधी काढायचे की केस, हे विचारतील.

गोष्टी संपल्या की सगळे हस्तकलेच्या टेबलाकडे. तिथे कागदी थाळ्या, कापसाचे बोळे, टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या, लोकर गुंडाळलेल्या तारा, बोथट टोकांच्या कात्र्या आणि हलणाऱ्या डोळ्यांचा डबा. हा डबा म्हणजे अमेरिकन बालशिक्षणाचा कणा. डोळे चिकटवले की काहीही भूत होतं. आमच्या नातवाने एकदा केळ्याला चिकटवले आणि मग ते केळं खायला नकार दिला, कारण ते आपल्याकडे बघतंय.

इथला नियम असा, की वस्तू कशी झाली याला महत्त्व नाही, मूल करत होतं याला आहे. एका मुलीने कोळ्याला चौदा पाय लावले. बाई म्हणाल्या, ‘वा, हा किती जोरात पळेल!’ दुसऱ्याने सगळे डोळे पोटावर लावले. त्याचंही कौतुक झालं. भारतीय रांगेत मात्र वेगळं दृश्य असतं. तिथे मूल दुसरीकडे बघत असतं आणि आजी दातांत ओठ धरून कात्री चालवत असते. महिनाअखेर वाचनालयाच्या खिडकीत शेपन्नास कोळी टांगतात, त्यांतले भारतीय कोळी लांबूनही ओळखू येतात: मोजून आठ पाय, सगळे एका मापाचे, आणि डिंकाचा थेंब बाहेर नाही. बाई त्यांच्यापाशी किंचित खिन्न होऊन उभ्या राहतात.

एरवी या टेबलावरचं सगळंच मला परदेशी वाटत नाही. एके दिवशी टोपलीत वाळलेली पानं, ओकच्या बिया आणि भोपळ्याच्या बिया होत्या. मोजा, जुळवा, लहानमोठ्या लावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा याच चालीने पानं, बिया, खडे आणि शिंपले हेच शिक्षणसाहित्य मानलं होतं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्या अंगणवाडीचं नाव पुढे, 1975 पासून, केंद्राच्या बालविकास योजनेतून देशभर गेलं. तेव्हा गालिच्यावर बसून बिया मोजणाऱ्या अमेरिकन पोरांकडे मी घरच्याच माणसाच्या नजरेने बघते. फक्त बोर्डीत कुणी बियांना डोळे चिकटवले नव्हते.

आणि भोपळा! या महिन्यात भोपळ्याला जो मान असतो, तो आपल्याकडे फक्त जावयाला मिळतो. तो कोरून आत दिवा लावतात, पण मुळात हा दिवा भोपळ्याचा नव्हताच. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात मेणबत्ती लावत. एकोणिसाव्या शतकात बटाट्याच्या दुष्काळातून सुटून आयरिश माणसं अमेरिकेत आली, इथे त्यांना भोपळा दिसला, आणि सलगम पोखरून ज्यांची मनगटं दुखली होती त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. आपला तांबडा भोपळासुद्धा मूळ याच खंडाचा. तो आपल्याकडे घारगे व्हायला आला. बालवाडीच्या मुलांच्या हातात सुरी देत नाहीत, त्यामुळे विळ्या-भोपळ्याचं सख्य लागू पडत नाही. मुलं भोपळ्याला चिकटपट्ट्या लावतात, त्याच्या बिया मोजतात, आणि तो टबात टाकून बुडतो की तरंगतो ते बघतात. एवढा जड भोपळा तरंगतो, कारण तो आतून पोकळ असतो. हे पाहून एक आजोबा आपल्या ऑफिसातल्या जुन्या साहेबांविषयी काहीतरी पुटपुटले.

एक नोव्हेंबरला हेच भोपळे दारोदार बेवारस पडतात, आणि प्रत्येक मराठी आजीचा जीव तुटतो. उचलून आणावेत, मेथीदाणे घालून भाजी करावी! पण कोरायचा भोपळा वेगळा असतो. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने तयार केलेला वाण त्यासाठी प्रसिद्ध आहे: उंच, जाड देठाचा, चेहरा कोरायला उत्तम आणि कढईत पाणचट. खायचे भोपळे निराळे; ते इलिनॉयमध्ये मॉर्टन गावाच्या आसपास पिकतात आणि डब्यांत भरले जातात. देखणं आणि गुणी एकाच ठिकाणी मिळत नाही, हे भोपळ्यांच्या बाबतीतही खरं आहे.

शिक्षणखातं म्हटलं की नियम आले. कार्यक्रमाच्या पाटीवर आधीच लिहिलेलं असतं की इथली भुतं फार भीतिदायक नसतील. वेषांना रक्त नको, भयंकर मुखवटा नको, शस्त्र नको. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात शिवलेला मावळ्याचा पोशाख एका मुलाने घातला, तर त्याची ढाल-तलवार दाराशीच जमा झाली. आत सगळ्यांनी त्याला समुद्री चाचा ठरवलं. मिरवणूक पुस्तकांच्या कपाटांमधून निघाली, पुढे दोन राजकन्या, मधे निःशस्त्र मावळा, मागे कचऱ्याचा ट्रक झालेला आमचा नातू. गोळ्या मिळाल्या नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला असेल सांगता येत नाही. त्यासाठी निळसर हिरव्या रंगाचा भोपळा दारात ठेवायची पद्धत 2014 पासून देशभर निघाली आहे. असा भोपळा दिसला की समजायचं, इथे खाऊऐवजी खेळणं किंवा स्टिकर मिळेल. शेंगदाण्याचं कूट घातल्याशिवाय ज्यांच्या घरी काकडी कापत नाहीत, त्यांनी हे समजून घ्यायला थोडा वेळ लावला, तर रागावू नये.

2024 मध्ये तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, 31 ऑक्टोबरला. पहाटे मोती साबण, संध्याकाळी चेटकिणीची टोपी. दुसऱ्या दिवशी, म्हणजे एक नोव्हेंबरला, न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी होती. शाळेच्या दिवशी अशी सुट्टी तिथे पहिल्यांदाच मिळाली. लेकीच्या दिवाणखान्यात एका कोपऱ्यात आकाशकंदिलाच्या काड्या आणि दुसऱ्यात वटवाघळांचे पंख होते. डिंक एकच. मला एकदम जाणवलं, की आपणही मुळात काही फार वेगळं करत नव्हतो. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आधी पोरं गवताचा-कागदाचा भलामोठा नरकासुर स्वतः बांधतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. आणि घरोघरी आपण ज्या कारीटाला नरकासुर समजून पायाने चिरडतो, ते तर भोपळ्याच्याच कुळातलं. वाईट शक्तीसाठी दोन्ही देशांनी एकाच वेलवर्गातून उमेदवार दिलेत. म्हणजे असुर आपण शिक्षणखात्याला दिले होते. फक्त बागुलबुवा गृहखात्याने सोडला नाही.

मुलं शहाणी होतात म्हणून भीती संपते, असं मात्र नाही. आमचा नातू सांगाड्याच्या गळ्यात गळा घालतो, रबरी उंदीर खिशात ठेवतो. पण वाचनालयातल्या शौचालयात आपोआप सुटणाऱ्या पाण्याचा आवाज आला, की किंचाळत माझ्या कमरेला मिठी मारतो. भुतांना डोळे लावून माणसाळवलं, तर भीतीने संडासात बदली करून घेतली. तिला कुठेतरी पद लागतंच.

त्याच सुमारास एका रात्री मी चूक म्हणावी की सवय, पण बागुलबुवाचं नाव काढलं. नातवाला वरणभात नको होता. क्षणात चमचा खाली ठेवून त्याने विचारलं, ‘आजी, त्याला किती डोळे असतात?’

मी गप्प. माझ्या आईने मला, मी माझ्या लेकीला, इतक्या वर्षांत कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्याने थाळी आणली, डब्यातून डोळे काढले आणि माहितीची वाट बघत बसला. रंग? केस? शेपूट आहे का? हे खातं दरारा निर्माण करण्यात इतकं गुंतलं होतं, की कर्मचाऱ्याचा साधा फोटो दप्तरी नव्हता.

मी नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारलं. पुण्याची बहीण म्हणाली, डोळ्यांचं माहीत नाही, पण खांद्यावर पोतं असतं. नागपूरचे दीर म्हणाले, दाढी असते आणि ते स्वतः पाहिलेलं आहे. गिरगावातल्या भावाने लिहिलं, आमच्या चाळीत बागुलबुवा म्हणजे पहिल्या मजल्यावरचे एक काका होते. सावंतवाडीच्या वहिनींनी कळवलं, ‘आमच्याकडे बागुलबुवा नव्हता. आमच्याकडे खरी भुतं होती.’ त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. आणि माझी स्वतःची लेक, सॉफ्टवेअर कंपनीत चाळीस माणसं हाताखाली असलेली, भांडी लावता लावता म्हणाली, ‘आई, तो आपल्या फ्रीजच्या मागे राहतो असं मला दहावीपर्यंत वाटायचं.’

ऐकून मी चपापले. हिरव्या राक्षसाला कान, नाक, केस असल्यामुळे मुलांना तो सुटा करता आला होता. आमच्या बागुलबुवाला काहीच नव्हतं, म्हणून तो इतकी वर्षं फ्रीजमागे बिनभाड्याने राहिला. काम चोख केलं त्याने, नाही म्हणत नाही, लेक जेवायची. पण हिशेब मांडायचा तर त्यात फ्रीजही धरावा लागेल.

नातवाने शेवटी स्वतःच निर्णय घेतले. तीन डोळे, कापसाची दाढी, जांभळे केस, आणि पोत्याच्या जागी वाचनालयाची कापडी पिशवी. थाळी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकून उभी राहिली. दोन दिवसांनी रात्री माझी रक्तदाबाची गोळी तशीच पडलेली त्याला दिसली. त्याने ती थाळी उचलून माझ्या नाकासमोर धरली, डोळे खळखळ हलवले आणि शुद्ध मराठीत बजावलं, ‘आजी, गोळी घे. नाहीतर बघ कोण आलंय.’

मी मुकाट्याने गोळी घेतली आणि अधिकृत फोटो म्हणून थाळीचं चित्र ग्रुपवर टाकलं. नागपूरच्या दिरांचा लगेच आक्षेप आला: दाढी बरोबर आहे, पण डोळे दोनच.